मोटारीपुढचा गहिनीनाथ

गहिनीनाथ आश्रुबाला किती ठाऊक होता, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एकच. फार थोडा. पाच-सहा वर्षं दोघं एकाच वाड्यावर चाकरीला होते, एकाच रस्त्यानं कितीदा तरी गेले-आले. पण गहिनीनाथला भाऊ होते की नाही, त्याला कशाची भीती वाटायची, घरी गेल्यावर तो बायकोशी काय बोलायचा, यातलं काहीच आश्रुबाला सांगता येत नाही. आता तर चेहराही नीट आठवत नाही. आठवते ती पाठ. आश्रुबा मोटारीच्या पायदानावर उभा असायचा आणि गहिनीनाथ मोटारीपुढं धावत असायचा. घामानं अंगाला चिकटलेली बंडी, धुळीनं पांढऱ्या झालेल्या टाचा आणि हातात घुंगरांची काठी. पाठीवरून माणूस कितीसा कळणार? तरी जेवढा कळला तेवढा असा होता.

पाटोद्यापासून तीन कोसांवर देवठाण नावाचं गाव होतं. गाव सुंदरराव जहागीरदारांचं. वर निजामाचं राज्य होतं, पण ते वर. देवठाणात सुंदररावांचा शब्द हाच कायदा. त्यांच्या आजाची पालखी निघे तेव्हा पुढं घुंगरांची काठी घेऊन एक माणूस धावे. घुंगरं वाजली की लोक गुरं बाजूला हाकत, गाड्या रस्त्याखाली उतरवत, बाया पाठमोऱ्या होत. हे काम गहिनीनाथच्या घराण्याचं. मेंढरांमागं हिंडणारी माणसं ती, पायानं हलकी. या धावण्याबद्दल त्यांना ओढ्याकाठचं एक वावर तोडून दिलेलं होतं. गाव त्याला 'धावेचं वावर' म्हणायचं.

वावराला एक अट होती. धन्याचं वाहन काठीच्या पुढं जाता कामा नये. गेलं की धाव बुडाली, वावर वाड्यात जमा. धावता धावता माणूस काठीसकट पडून मेला, तर मात्र त्याच्या बायकोनं हयातभर ते खावं. ही अट कुठं लिहिलेली नव्हती, पण पोरासोरांना पाठ होती. आणि तिची कधी कुणाला भीती वाटली नव्हती, कारण भोयांच्या खांद्यावरची पालखी धावणाऱ्या माणसाच्या पुढं जाईल कशी? भोई दमत, खांदा बदलत, झाडाखाली पालखी टेकवत. तेवढ्यात पुढचा माणूसही टेकून घ्यायचा.

पुढं पालखी गेली आणि मोटार आली. पहिली मोटार कुठल्या कंपनीची होती ते आश्रुबाला कधी कळलंच नाही. ती दाराशी सुरू झाली की वेशीपर्यंत कळायचं. खोकायची, थरथरायची, आणि कोसभर गेली की नाकातून वाफ सोडायची. तिला थंड करायला वाटेत तीन ठिकाणी थांबावं लागे. त्यातला मोठा थांबा म्हणजे उंबरओढा. तिथं एक वाकडी बाभूळ होती आणि वाळूत झऱ्याचं पाणी. आश्रुबा डब्यानं पाणी आणून मोटारीत ओतायचा. गहिनीनाथ काठी बाभळीला टेकवायचा, झऱ्यावर वाकून तोंडाला पाणी मारायचा, ओंजळभर प्यायचा आणि मग बसायचा. मोटार थंड होईतो त्याचीही छाती खाली बसलेली असायची.

सुंदररावांनी मोटार घेतली तरी धाव मोडली नाही. त्यांना मोटारीचा भोंगा हलकट वाटायचा. "भोंगा वाजवत जायला मी काय बाजारचा दवंडीवाला हाय?" असं म्हणायचे. तेव्हा पालखीपुढं धावायचा बाप आणि मोटारीपुढं धावायचा गहिनीनाथ, एवढाच फरक झाला. त्यातून गहिनीनाथ चाळिशीच्या पुढं गेला. त्याला मूल नव्हतं. बायको बायनाबाई आणि ते वावर, एवढाच त्याचा पसारा.

मग फसली तेराशे एकतीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकवीस-बावीसच्या सुमारास दुसरी मोटार आली. हैदराबादच्या कुणा अमिरानं काही वर्षं वापरून काढलेली. रुपेरी, लांब नाकाची, आणि नाकाच्या शेंड्यावर वाऱ्यात पंखांसारखा पदर सोडून झुकलेली एक बारीक चांदीसारखी बाई. तिच्यासोबत हैदराबादेहून चालवणाराही आला, दस्तगीर नावाचा. बारीक अंगाचा, मेहंदी लावलेल्या दाढीचा. मोटार वाड्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा लोक तिच्याभोवती गोळा झाले आणि कुणीतरी विचारलं, "बंद का केली बे, चालवून दाव की." दस्तगीर हसला. "चालूच है," म्हणाला. बॉनेटवर त्यानं काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला. पाणी हललं नाही.

बायका ओवाळायला आल्या. बायनाबाईनं त्या पंखवाल्या बाईला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. दस्तगीर म्हणाला, "ये पीर नई अम्मा, कंपनी की निशानी है. इसके नीचे पानी की टाकी है."

"पान्यावर बसल्या म्हंतोस ना?" बायनाबाई म्हणाली. "मंग आसराच हाय ती. पान्याच्या बायांनी कुठं बसावं, ते तुझ्या कंपनीनं कावून सांगावं?"

दस्तगीरला त्या मोटारीचं भारी वेड. दुपारी लिंबाखाली मोटार पुसताना तो आश्रुबाला तिच्या गोष्टी सांगायचा. गहिनीनाथ थोडं अंतर ठेवून बसायचा, पण कान तिकडंच असायचा. नाव रोल्स-रॉईस. गावानं त्याचं 'रोलस' केलं होतं. विलायतेत ती दोन माणसांनी काढली म्हणे. रोल्स बड्या घरचा, मोटारी विकणारा, विमानात उडायचा नाद असलेला. रॉईस गरिबाचा, पिठाच्या गिरणीवाल्याचा पोरगा. बाप लवकर गेला, मग यानं रस्त्यावर वर्तमानपत्रं विकली, टपालखात्याच्या तारा घरोघर वाटल्या. पुढं कारागीर झाला. एक परदेशी मोटार विकत घेतली, तिची खडखड त्याला सोसेना, म्हणून स्वतःच मोटार बनवायला बसला. दोघांची गाठ एका हॉटेलात पडली आणि कंपनी उभी राहिली. रोल्स विमान पडून मेला, तरणाबांड. रॉईस कामापुढं जेवायचं विसरायचा, त्यानं तब्येत घालवली, पण जिवंत होता.

गहिनीनाथला तारा वाटणाऱ्या पोराचं नवल वाटलं. "त्यो रॉईस तारा घिऊन पळायचा? पायानं?"

"हौ. पैदल. छोटा था तब."

"मंग त्याला कळाया पायजे व्हतं."

"क्या?"

"पळनाऱ्याला थांबा लागतो म्हनून."

दस्तगीर हसला. पण ज्या गोष्टीनं ती मोटार जगभर नावाजली, ती नेमकी न थांबण्याचीच गोष्ट होती. अशाच एका रुपेरी मोटारीला विलायतेत दोन शहरांमध्ये येरझाऱ्या घालायला लावल्या. दिवस नाही, रात्र नाही, फक्त रविवारी सुट्टी. पंधरा हजार मैलांच्या जवळपास चालली. चालता चालता एकदाच बंद पडली, तीही हादऱ्यानं तेलाची तोटी मिटली म्हणून, तेवढीच. आणि दुसरी गोष्ट अशी की, इतर मोटारी सावकाश चालवल्या की गुदमरतात, धक्के देतात, तापतात. ही माणसाच्या पावलानं चालवा, वरच्या गिअरमध्येच राहते, हूं की चूं करत नाही. राजे-महाराजे तिच्यावर भाळले ते म्हणूनच. मिरवणुकीत हत्तीमागं चालवता येते. जगातली सगळ्यात चांगली मोटार म्हणतात, ते काही उगाच नाही, असं दस्तगीर म्हणायचा आणि फडक्यानं त्या बाईचे पंख पुसायचा.

आश्रुबाला त्या वेळी यात काही वावगं दिसलं नव्हतं. नंतर पुष्कळदा वाटलं, ती मोटार थोडी कमी चांगली असती तर.

नव्या मोटारीपुढं गहिनीनाथ पहिल्यांदा धावला तो दिवस आश्रुबाच्या ध्यानात आहे. वेशीतून निघाला तो सुसाट. काठीची घुंगरं नुसती उधळल्यासारखी वाजत होती. पायदानावरून आश्रुबाला कळेना, याला झालंय काय. उंबरओढा आला. गहिनीनाथनं धावता धावता मागं वळून पाहिलं. मोटारीच्या नाकातून वाफ नव्हती, कसला आवाज नव्हता. ती बाई पदर उडवत त्याच्या मागं येत होती. तो ओढ्यातून तसाच पुढं गेला.

पाटोद्याला सुंदरराव कचेरीत गेल्यावर आश्रुबानं विचारलं, "एवढं उधळायला काय झालतं बे?"

"दमवायलोय तिला," गहिनीनाथ म्हणाला. त्याच्या तोंडाला फेस आल्यासारखं झालं होतं. "बैल घे, घोडं घे, आदी पळवून घेतलं की मंग आपल्या चालीवर येतं. जुनी न्हवती का, चढाला दामटली की वड्यापशी बसायचीच."

"ही न्हाई बसायची. दस्तगीर काय सांगत व्हता ऐकलं न्हाईस का?"

"पोटात आग हाय म्हंतोस ना तिच्या?"

"हाय."

"आग हाय म्हंजी इझत्या. न्हाई तर पेटत्या. अशी न इझनारी न पेटनारी आग आमी तर बघितली न्हाई."

दोन-चार फेऱ्या त्यानं असंच केलं. मेंढरामागं, बैलामागं वाढलेला माणूस, जे चालतं ते दमतं हे त्यानं जन्मभर डोळ्यांनी पाहिलेलं. मोटार दमली नाही. तिच्या आधी तोच दमायला लागला, आणि थांबे तर गेलेच होते. एकदा वाड्यामागच्या भिंतीला दोन्ही हात लावून तो उभा असलेला आश्रुबानं पाहिला. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. आश्रुबाला पाहून त्यानं भिंतीवरचा पोपडा काढायला सुरुवात केली, जणू त्याच कामाला तिथं आला होता.

"छातीत धरतंय काय?"

"न्हाई."

"मंग?"

पोपडा बोटांत चुरून गहिनीनाथ म्हणाला, "कुनाला बोलू नको. वावर जाईल. मी न्हाई पळालो तर दुसरं कोन हाय आमच्या घरात पळायला? बायना पळंल व्हय?" आणि स्वतःच हसला. हसता हसता खोकला आला, तो लवकर थांबेना.

आश्रुबानं ते फक्त दस्तगीरला सांगितलं. दस्तगीर माणूस वाईट नव्हता. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मैं गाडी रोकता. उंबरओढे पे. बोलूंगा, पानी देखना है. मालिक को क्या मालूम." त्यानंतर दर खेपेला तो उंबरओढ्याला मोटार थांबवायचा, बॉनेट उघडायचा, आत डोकावून मान डोलवायचा, आणि आश्रुबा भरलेल्या टाकीत उगीच दोन ओंजळी पाणी ओतायचा. गहिनीनाथ काठी बाभळीला टेकवून झऱ्यावर वाकायचा. मोटारीला पाणी नको होतं, हे तिघांना ठाऊक होतं. सुंदरराव आत पान खात बसायचे. असं वर्षभर चाललं. गहिनीनाथची छाती बरी झाली नाही, पण निभत होतं.

मग पुढच्या वैशाखात हैदराबादेहून सुंदररावांकडे एक पाहुणे आले. नवाब होते, त्यांच्याकडेही मोटारी होत्या. सकाळी ओसरीवर चहा घेताना ते म्हणाले, की या मुलखातल्या उन्हात कुठलीही मोटार असो, पाणी पाजल्याशिवाय पाच कोस जायची नाही. तुमची रोल्ससुद्धा ओढ्याला पाणी पिते, असं कालच गावात ऐकलं.

ते आश्रुबानं ऐकलं. तो पायऱ्यांखाली मोटार पुसत होता. त्याच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

सुंदररावांचा चेहरा उतरला. एवढी नावाजलेली मोटार, आणि हैदराबादेत उद्या बोलवा होणार की देवठाणची रोल्स पाणी मागते. त्यांनी कारभारी बंकटला हाक मारली आणि लाख व शिक्का आणायला सांगितलं. रोल्सचं बॉनेट कंपनी मोहोर लावून बंद करते, कुणाला उघडू देत नाही, अशी एक आवई त्या काळी उठलेली होती. सुंदररावांनी तसंच करायचं ठरवलं. बॉनेटच्या फटीवर आणि टाकीच्या टोपणावर दोरा बांधून त्यावर लाख ओतायची, वर आपला शिक्का मारायचा. पाटोद्याच्या वेशीपर्यंत जायचं, न थांबता वळायचं आणि परत यायचं. माणसाच्या पावलानं. लाख तशीच दिसली म्हणजे झालं.

दस्तगीर हळूच म्हणाला, "सरकार, कंपनी मुहर नई लगाती. लोगां झूट बोलते. गर्मी है, बीच में पानी देखना अच्छा रहता."

"तुझ्या कंपनीची अब्रू राखायलोय मी," सुंदरराव म्हणाले, "अन् तूच आडवा येतोस? न दमणारी मोटार म्हणून घेतली ना ही? मग न दमता जाऊ दे."

लाख वितळली. त्या चांदीच्या बाईच्या पायाशी लाल डाग पडला. बायनाबाईनं पहिल्या दिवशी कुंकू लावलं होतं, त्याच्या शेजारी.

निघाले तेव्हा उन्हं चढली होती. आत सुंदरराव आणि नवाबसाहेब, पुढं दस्तगीर, पायदानावर पाण्याचा डबा घेऊन आश्रुबा. आणि सगळ्यांच्या पुढं गहिनीनाथ. त्याला मोहोर दिसली होती, ती कशाची तेही कळलं होतं. तरी वेशीबाहेर पडताच तो पहिल्या दिवसासारखा सुटला. आश्रुबाला कळलं, तो पुन्हा तिला दमवू पाहतोय. वैशाखाचं ऊन आहे, आज पोटातली आग वाढेल, आज तरी ती बसेल, असं त्याच्या मनानं घेतलं असावं. तसा आश्रुबाचा अंदाज. त्याच्या मनात खरं काय होतं, ते कसं सांगणार?

पाटोद्याच्या वेशीत बाजार भरलेला होता. घुंगरं ऐकून लोक बाजूला झाले. ओळखीचा एक कांदेवाला ओरडला, "गहिनाजी, बस की आता गाडीत."

"मी बसलो तर... तुला बाजूला कोन सारील," गहिनीनाथ म्हणाला. मध्ये त्याला श्वास घ्यावा लागला. लोक हसले. मोटार वेशीत वळली, तो तिच्याआधी वळला, आणि परतीला लागला.

परतीच्या वाटेवर घुंगरांचा ताल मोडला. आधी एकसारखी वाजत होती, आता दोनदा वाजून थांबत, मग घाईनं वाजत. दस्तगीरनं मोटार आणखी हळू केली. तिला काही फरक पडला नाही. कुणी झोपेत चालावं तशी चालत राहिली. नवाबसाहेब खूश झाले. म्हणाले, वाह, कमाल आहे. सुंदररावांनी त्यांना पान दिलं.

उंबरओढ्याचा उतार आला. आणि तिथं गहिनीनाथ वाटेवरून बाजूला झाला. पडला नाही, अडखळला नाही. जसा इतकी वर्षं व्हायचा तसाच सवयीनं बाजूला झाला, काठी बाभळीला टेकवली आणि झऱ्यावर वाकला. मोटार थांबली असंच त्याला वाटलं असणार. थांबली असो की चालत असो, तिचा आवाज सारखाच होता. म्हणजे नव्हताच.

दस्तगीरचा पाय दबला, मोटार क्षणभर मंदावली. मागून सुंदररावांच्या छडीचं टोक त्याच्या खांद्याला टेकलं. "चल," सुंदरराव म्हणाले. मोटार ओढ्यातून पार झाली. आश्रुबानं हाक मारली, "गहिनीनाथ!" त्यानं मागं न बघता नुसता एक हात वर केला. दम धर, आलोच, असं म्हणताना करतात तसा. मग वळण आलं आणि बाभूळ दिसेनाशी झाली.

वाड्यासमोर नवाबसाहेबांनी लाख बोटानं चाचपून पाहिली. तडाही गेला नव्हता. आश्रुबा डबा घेऊन उलट्या पावली ओढ्याकडं पळाला. पोचला तेव्हा काठी बाभळीला तशीच टेकलेली होती. गहिनीनाथ झऱ्याकाठी गुडघ्यांवर बसल्यासारखा होता, कपाळ ओल्या वाळूला लागलेलं. आश्रुबानं त्याला उताणा केला, डब्यातलं पाणी तोंडावर मारलं. ते दोन्ही गालांवरून खाली ओघळून गेलं.

तेराव्यानंतर बंकटनं वावराचा विषय काढला. ओसरीवर सुंदरराव बसले होते. खाली बायनाबाई डोईवर पदर घेऊन उभी होती. प्रश्न एवढाच होता. मोटार पुढं गेली तेव्हा गहिनीनाथ जिवंत होता का? जिवंत असेल तर धाव बुडाली. आधी मेला असेल तर वावर बायनाबाईचं.

बंकटनं दस्तगीरला विचारलं. दस्तगीर म्हणाला, "मेरी नजर रस्ते पे थी, सरकार."

मग आश्रुबाला विचारलं. आश्रुबा आयुष्यात कधी वाड्यात मान वर करून बोलला नव्हता. त्या दिवशी तो म्हणाला, "त्यो आदी पडला. मंग गाडी गेली."

सुंदररावांनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, एखादा हिशेब चुकल्यासारखं. "म्हणजे माझा माणूस डोळ्यांदेखत पडला आणि मी पाहुण्यांसमोर त्याला टाकून मोटार पुढं नेली? असं म्हणायचंय का तुला, आश्रुबा?"

असं म्हणण्याची हिंमत कुणाचीच नव्हती, आश्रुबाचीही नाही.

बायनाबाई म्हणाली, "हात वर केलता म्हंत्यात त्यांनी. हात कावून करत्यात मानसं? थांबा म्हनायला. थांबाया येत न्हवतं का तिला?"

बंकट म्हणाला, "हात वर केला म्हंजी जिवंत व्हता, बाई."

तिला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. तिनं पदर पुढं ओढला. दस्तगीर खाली पाहत होता. मोटारीचा ब्रेक कसा लोण्यासारखा लागतो, हे त्यानंच गावाला शंभरदा सांगितलेलं होतं.

वावर वाड्यात जमा झालं. बायनाबाई नांदूरघाटला भावाच्या मेंढरांमागं गेली. जाताना काठीची घुंगरं सोडवून घेतली, काठी तिथंच ठेवली. पुढं कुणीतरी सांगितलं, की तिच्या म्होरक्या मेंढीच्या गळ्यात ती घुंगरं आहेत. आश्रुबा मुद्दाम पाहायला कधी गेला नाही.

मोटारीचं नाव मात्र झालं. देवठाणच्या रोलसनं पुढं धावणारा हरकारा हरवला, पण एक थेंब पाणी प्याली नाही, असं लोक पार तेलगावपर्यंत सांगत. सांगताना हसत. सुंदरराव ते ऐकून कुणाला अडवायचे नाहीत. धावणारा उरला नाही म्हणून मग भोंगा वाजायला लागला, आणि तो कुणाला हलकट वाटला नाही. ती मोटार त्यानंतर पुष्कळ वर्षं चालली. कधी बंद पडली नाही. जगात तिच्याबद्दल जे बोलतात ते खरंच आहे. आश्रुबानं ती स्वतःच्या हातानं पुसलेली आहे.

त्या दिवशी सकाळी, निघण्याआधी, गहिनीनाथ वाड्याच्या दाराशी पायताणाचा अंगठा बांधत बसला होता. आश्रुबा रिकामा डबा घेऊन त्याच्याजवळून गेला. गहिनीनाथनं त्याला थांबवलं.

"डबा भरलास का बे?"

"कशाला? आज उघडायची न्हाई म्हंत्यात."

"भर की. वझं व्हतंय का तुला?"

"भरतो," आश्रुबा म्हणाला.